चिचुंद्री उंदीर नव्हे

मांजरीने उंदीर मारला की तो खाल्ला जातो. कधी शेपटी उरते, कधी तीही नाही. पण पावसाळ्यात एखाद्या सकाळी मोरीपाशी किंवा उंबऱ्याच्या आत राखाडी रंगाचा, लांब नाकाचा एक लहानसा जीव मरून पडलेला सापडतो. मानेवर दाताची खूण, बाकी अंग शाबूत. मांजर शेजारीच पंजे चाटत बसलेली असते आणि त्या शिकारीकडे ढुंकूनही बघत नाही. कुत्रं येतं, हुंगतं, नाक उडवतं आणि निघून जातं. मांजरीचं पोट भरलेलं होतं म्हणावं, तर वाटीभर दुधासाठी तिनेच पहाटेपासून घर डोक्यावर घेतलेलं असतं. मग मारलं कशाला आणि मारून टाकून का दिलं?

कारण तो उंदीर नव्हताच. हालचाल उंदरासारखी दिसली म्हणून मांजरीने झडप घातली. तोंडात धरल्यावर तिला कळलं की ही चिचुंद्री आहे. फसगत मांजरीची क्षणभरच होते, माणसांची मात्र पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे. धाराशिव जिल्ह्यात परंड्यापासून उमरग्यापर्यंत कुठेही विचारा, चिचुंद्री म्हणजे 'घाण वासाचा उंदीर' हेच उत्तर मिळेल. प्राणिशास्त्राच्या हिशेबाने उंदीर हा खारीचा आणि साळिंदराचा नातेवाईक, कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कुळातला. चिचुंद्रीचं कुळ निराळं आहे. तिचे जवळचे सगेसोयरे म्हणजे जमिनीखाली बोगदे करणारा मोल आणि अंगावर काटे असलेला हेजहॉग. उंदीर आणि चिचुंद्री यांच्यात जेवढं अंतर आहे, त्यापेक्षा उंदीर आपल्याला, म्हणजे माणसाला, अधिक जवळचा आहे.

वास कशासाठी

चिचुंद्रीच्या दोन्ही कुशींवर, पुढच्या पायांच्या थोडं मागे, त्वचेत ग्रंथी असतात. त्यांतून कस्तुरीच्या जातीचा उग्र, तेलकट वास येतो. नराचा वास जास्त तीव्र असतो. या वासाने एकाच वेळी दोन कामं होतात. ज्या भिंतीकडेने ती रोज जाते तिथे वास लागून राहतो आणि दुसऱ्या चिचुंद्रीला इथे कोणीतरी राहतं हे समजतं. दुसरं काम मांजरीच्या बाबतीत दिसलंच. एकदा तोंडात धरून सोडलेली चीज शहाणं जनावर सहसा पुन्हा खायला जात नाही. आता यात मेलेल्या चिचुंद्रीचा काय फायदा, असं कोणी विचारेल. तिचा नाहीच, फायदा तिच्या मागे राहिलेल्यांचा.

घुबडाला मात्र या वासाचं काही वाटत नाही. बहुतेक पक्ष्यांप्रमाणे घुबडही नाकापेक्षा डोळ्यांवर आणि कानांवर विसंबून शिकार करतं. गव्हाणी घुबड चिचुंद्री अख्खी गिळतं, आणि त्याचा पुरावाही मागे ठेवतं. त्याबद्दल शेवटी सांगतो.

इंग्रजी अमदानीत साहेबलोकांमध्ये एक समज होता, की चिचुंद्री दारूच्या बंद बाटलीवरून नुसती पळून गेली तरी आतल्या दारूला वास लागतो. काचेतून वास आत झिरपत नाही. वास लागत असेल तर तो आधीच बुचाला लागलेला असणार. पण गोष्ट इतकी रंगतदार होती की ती अनेक वर्षं जेवणाच्या टेबलावर फिरत राहिली. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने १८९४ च्या 'जंगल बुक'मधल्या रिक्की-टिक्की-टावी या मुंगसाच्या कथेत चुचुंद्रा नावाचं पात्र घातलं आहे. ते रडवं आणि भित्रं आहे, आणि खोलीच्या मधोमध यायची त्याची कधी हिंमत होत नाही. किपलिंगने त्याला कस्तुरी-उंदीर म्हटलं ते चुकलंच, पण भिंत न सोडण्याची सवय त्याने बरोबर टिपली आहे. चिचुंद्रीचे डोळे मोहरीएवढे असतात. ती आंधळी नसते, तिला उजेड-अंधार कळतो, पण जग तिला मुख्यतः नाकाने आणि मिशांनी समजतं. एका बाजूच्या मिशा भिंतीला लागलेल्या असल्या की तिला रस्ता सापडतो. मोकळ्या जमिनीवर तिला आधारच नसतो. ती भित्री वाटते ती त्यामुळे.

दात बघितले की वाद मिटतो

उंदीर आणि चिचुंद्री यांच्यातला खरा फरक तोंडात आहे. उंदराच्या वरच्या आणि खालच्या जबड्यात पुढे दोन-दोन पटाशीचे दात असतात. ते मरेपर्यंत वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडून ते झिजवावे लागतात. ज्वारीचं पोतं, लाकडी चौकट, विजेची वायर, त्याला सगळं चालतं. पटाशीच्या मागे मोठी मोकळी जागा आणि मग दाढा. सगळे मिळून दात सोळा.

चिचुंद्रीला तीस दात असतात आणि ओळीत मोकळी जागा जवळजवळ नसतेच. पुढचे दोन दात चिमट्यासारखे बाहेर आलेले, मागचे टोकदार. झुरळाचं किंवा रातकिड्याचं कडक कवच फोडायला हे दात उत्तम, पण पोतं कुरतडायला निरुपयोगी. ते वाढतही नाहीत. दुधाचे दात तर हिरडीतून वर येतच नाहीत, जन्मभरासाठी एकच संच. तो झिजला की खाणं अवघड होतं. मोकळ्या रानात चिचुंद्रीचं आयुष्य जेमतेम दीड-दोन वर्षांचं असतं.

म्हणजे पोत्याला भोक पडलं असेल, साबणाच्या वडीवर दोन समांतर चरे असतील, कपाटातली वही कातरली गेली असेल, तर आरोपी चिचुंद्री नव्हे. त्याच पोत्याच्या आडोशाला ती सापडते हे खरं, पण ती तिथे ज्वारीसाठी आलेली नसते. धान्यावर जगणारे किडे, भुंगेरे, झुरळं, किड्यांच्या मागावरचे कोळी, सापडली तर उंदराची उघडी पिल्लं, हे तिचं जेवण. ती अगदी सोवळी आहे असंही नाही. स्वयंपाकघरात सांडलेलं तेलकट, मटणाचा तुकडा, कुत्र्याच्या ताटलीतलं उरलेलं, यावरही ती ताव मारते. परसातल्या लहान पिल्लांवर हल्ला केल्याचीही उदाहरणं आहेत. पण धान्याचं नुकसान मोजायचं झालं तर तिच्या नावावर फारसं काही लागत नाही.

[चौकट : रात्री दिव्याच्या उजेडात क्षणभर दिसली तर
नाक बघा. खालच्या जबड्याच्या बरंच पुढे आलेलं, सतत हलणारं, टोकदार नाक असेल तर चिचुंद्री. उंदराचं तोंड बोथट.
कान आणि डोळे बघा. उंदराचे डोळे टपोरे आणि कान उभे, चिचुंद्रीचे डोळे शोधावे लागतात.
शेपटी बघा. चिचुंद्रीची बुडाशी जाड, टोकाला निमुळती, आणि तिच्यावर विरळ लांब केस.
पिठावर पाऊल उमटलं असेल तर पुढच्या पायाची बोटं मोजा. उंदराची चार उमटतात, चिचुंद्रीची पाच.
आवाज ऐका. धातूच्या चकत्या एकमेकींवर आपटाव्यात तसा चिट्‌-चिट्‌ आवाज चिचुंद्रीचा.]

या आवाजामुळे तैवानमध्ये आणि दक्षिण चीनमध्ये तिला 'पैशाचा उंदीर' म्हणतात. नाणी खुळखुळल्यासारखा आवाज करणारी घरात आली की पैसा येतो, असं तिथले लोक मानत आले आहेत. तिथेही उंदीरच म्हणतात, हे आहेच.

भुकेचं गणित

चिचुंद्री रात्रभर इतकी धावपळ का करते, याचं उत्तर तिच्या आकारात आहे. बंबातलं कढत पाणी तासाभरानेही कोमट असतं, तेच तांब्यात काढून ठेवलं तर कितीतरी लवकर निवतं. वस्तू लहान होत जाते तसं तिच्या आतल्या भागाच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग वाढत जातो. लांबी, रुंदी, उंची निम्मी केली की पृष्ठभाग चौथाई उरतो, पण आतला ऐवज आठवा हिस्साच राहतो. उष्णता तयार होते आत आणि निसटते पृष्ठभागावरून. त्यामुळे लहान अंगाच्या उष्ण रक्ताच्या प्राण्याला सतत इंधन घालत राहावं लागतं.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे एट्रुस्कन चिचुंद्री. भूमध्य समुद्राच्या काठापासून भारतापर्यंत ती आढळते. वजन सुमारे १.८ ग्रॅम, म्हणजे खिशातल्या रुपयाच्या नाण्यापेक्षा हलकी. वजनाच्या हिशेबाने जगातला सर्वांत लहान सस्तन प्राणी हाच. तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १५११ पर्यंत मोजले गेले आहेत. दिवसाला ती स्वतःच्या वजनाच्या दीड-दोन पट खाते, आणि काही तास खायला मिळालं नाही तर तिचा जीव धोक्यात येतो. थंडी पडली किंवा अन्न कमी झालं की ती शरीराचं तापमान उतरवून काही वेळ निपचित पडते आणि इंधन वाचवते.

आपल्या घरातली चिचुंद्री तिच्यापेक्षा कितीतरी मोठी असते. भरलेला नर शंभर ग्रॅमच्या आसपास जातो. शिवाय उष्ण प्रदेशातल्या पांढऱ्या दातांच्या चिचुंद्रींचा चयापचय थंड प्रदेशातल्या लाल दातांच्या जातींपेक्षा सावकाश चालतो. तिकडे उत्तर युरोपात तर वेगळाच प्रकार आहे. हिवाळ्यात खाणं कमी पडतं म्हणून तिथल्या एका चिचुंद्रीची कवटी आणि मेंदूसुद्धा आकुंचन पावतो आणि वसंतात पुन्हा वाढतो. ऑगस्ट डेनेल या पोलिश शास्त्रज्ञाने १९४९ साली हे पहिल्यांदा मांडलं. आपल्याकडे डिसेंबरच्या कडाक्यातही किड्यांचा एवढा दुष्काळ पडत नाही.

पिल्लांची रांग

चिचुंद्रीचा गर्भकाळ महिनाभराचा. एका वेळी साधारण तीन पिल्लं होतात, कधी जास्तही. जागा धोक्याची वाटली की आई पिल्लांना दुसरीकडे हलवते, आणि हे हलवणं एकदा तरी पाहावं असं असतं. पहिलं पिल्लू आईच्या शेपटीजवळची त्वचा दातात घट्ट धरतं, दुसरं पहिल्याची, तिसरं दुसऱ्याची. ही माळ भिंतीकडेने वळणं घेत निघते आणि एकही पिल्लू सुटत नाही. पकड अशी की आईला वर उचललं तर मागची सगळी लोंबकळत वर येतात. अंधारात ही माळ पाहून साप समजून काठी उचलली गेल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात. डोळे नीट उघडण्याआधीपासून पिल्लांना ही पकड साधलेली असते आणि तिसऱ्या आठवड्यानंतर ती सवय सुटते.

माळवदाच्या भिंतीत

मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर म्हणजे चिचुंद्रीसाठी आयता वाडा. हात-दीड हात जाडीच्या दगडी भिंती, सांध्यात चुन्याऐवजी माती, वर लाकडी फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. पावसाने सांध्यातली माती निघाली की दगडांमागे पोकळ्या तयार होतात. भिंतीतच बळद, कोपऱ्यात कणगी, बाहेर गुरांचा गोठा आणि उकिरडा. किडे मुबलक, ऊब कायम आणि पळायला भिंतीच भिंती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, सास्तूरसारख्या गावांत, याच जड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसं गेली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले आणि सप्टेंबरात सुरतेत घबराट उडाली. त्या वेळी एक स्पष्टीकरण दिलं गेलं. धक्क्यांच्या भीतीने लोक घराबाहेर राहू लागले, धान्य मात्र आतच राहिलं, उंदीर माजले, आणि लोक घरात परतले तेव्हा उंदरांवरच्या पिसवांना नवा यजमान मिळाला. प्लेगचा जंतू पिसवेच्या पोटात वाढतो. उंदीर मेला की पिसू गार पडलेलं अंग सोडते आणि ऊब शोधत दुसऱ्या अंगावर जाते.

या साखळीत चिचुंद्रीला निर्दोष ठरवता येत नाही. तिच्या अंगावरही त्याच पिसवा असतात. मादागास्करमधल्या महाजंगा बंदरात प्लेगग्रस्त चिचुंद्री सापडलेल्या आहेत. १९६४ साली तामिळनाडूत वेल्लोर इथे पकडलेल्या चिचुंद्रीत थोट्टपालयम नावाचा विषाणू मिळाला. तो हंताविषाणूंच्या कुळातला. कोरियातल्या ज्या नदीवरून या कुळाला नाव पडलं तिथला विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागला तो त्यानंतर. २०२२ मध्ये चीनमधून लांग्या विषाणूच्या ३५ रुग्णांची बातमी आली, तेव्हाही संशयाची सुई चिचुंद्रींच्या दुसऱ्या जातींकडे वळली. घाबरून जायचं कारण नाही, पण तिला उघड्या हाताने उचलू नये, एवढं यावरून नक्की कळतं.

उलटी येणारी आणि न येणारे

उंदराला उलटी करता येत नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली पकड त्याच्यात घट्ट असते आणि उलटीसाठी लागणारी मेंदूतली जोडणीच त्याच्यापाशी नसते. शेतात वापरलं जाणारं झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लाशी मिसळून विषारी फॉस्फीन वायू तयार करतं. उंदीर गिळलेलं आमिष बाहेर टाकू शकत नाही, म्हणूनही ते त्याच्यावर इतकं लागू पडतं.

चिचुंद्री मात्र उलटी करते. एवढंच नव्हे, तिला डब्यात ठेवून पुढे-मागे हलवलं तर गाडी लागल्यासारखीही उलटी होते. १९८७ साली जपानी संशोधकांनी हे दाखवून दिलं आणि तेव्हापासून ती प्रयोगशाळेत मोलाची ठरली. कर्करोगाच्या औषधांनी होणारी उलटी थांबवायची तर औषध ज्या प्राण्यावर तपासायचं त्याला आधी उलटी व्हायला हवी. तिथे पांढरे उंदीर बिनकामाचे. तुळजापूरच्या घाटात बसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढणाऱ्या प्रवाशाचं दुखणं समजून घ्यायला उंदरापेक्षा चिचुंद्री उपयोगी पडते!

दिसायला सारखे, नात्याने परके

चिचुंद्रीसारखं लांब नाक आणि लहान अंग निसर्गात पुन्हा पुन्हा तयार झालं आहे. पालापाचोळ्यात नाक खुपसून किडे धुंडाळायचे तर हा आकार सोयीचा, मग प्राणी कोणत्याही कुळातला असो. आफ्रिकेतल्या एका लांब नाकाच्या प्राण्याला नाकावरून गमतीने हत्ती-चिचुंद्री म्हणत. पुढे जनुकं तपासली तेव्हा ती चिचुंद्री नाही हे तर कळलंच, पण हत्तीशी तिचं दूरचं नातं खरंच निघालं.

आपल्या द्वीपकल्पातल्या डोंगरी जंगलांत वृक्षचिचुंद्री आहे. ती दिवसा फिरते आणि खारीसारखी दिसते. कुळाने ती माकडांच्या बाजूला झुकते. तिच्या शास्त्रीय नावात वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याचं नाव आहे. तो धारवाडकडे नोकरीत होता आणि त्याने १८३९ मध्ये 'दक्षिण मराठा मुलखा'तल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली. शेतातल्या झुडपी उंदराच्या एका जातीलाही त्याचंच नाव मिळालं आहे.

या आकाराची एक फार जुनी खूण आपल्या पायाखालच्याच काळ्या दगडाशी निगडित आहे. धाराशिव जिल्हा ज्या लाव्हाच्या थरांवर उभा आहे ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी साचले. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तळ्यांचा गाळ अडकून राहिला. तेलंगणातल्या नस्कल गावाजवळच्या अशा गाळात जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांना मिलिमीटरभराचे दात मिळाले. १९८८ मध्ये त्यांनी त्या प्राण्याला नाव दिलं डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी. नागपुरात जीवाश्म गोळा करणाऱ्या स्टीफन हिस्लॉप यांची ती आठवण. डायनोसॉर हिंडत होते तेव्हाचा हा दख्खनी प्राणी. किडे खाणारा, आणि पुढे मिळालेल्या घोट्याच्या हाडांवरून झाडावर चढणारा. त्याला कोणत्या शाखेत बसवायचं यावर अजून वाद चालू आहे, पण रूप बघाल तर ओळखीचं वाटेल.

घरात आली तर

विषाची गोळी टाकू नका. आमिष बहुधा धान्याचं असतं, ते उंदीर आणि घूस खातील. आणि विष खाल्लेला उंदीर जर घुबडाने उचलला तर नुकसान आपलंच. चिचुंद्री हटवायची असेल तर मोरीच्या तोंडाला बारीक जाळी लावा, दाराखालची फट बुजवा, रात्री खरकटं उघडं ठेवू नका. झुरळं कमी झाली की ती स्वतःच जागा बदलते. पिंजऱ्यात सापडली तर पहाटेच्या आत सोडा. उपाशी ठेवली तर सकाळपर्यंत ती मेलेली सापडण्याची शक्यता मोठी. मेलेली आढळली तर चिमट्याने उचलून पुरा आणि हात साबणाने धुवा.

आणि आता घुबडाच्या पुराव्याबद्दल. गव्हाणी घुबड न पचलेली हाडं आणि केस यांचा अंगठ्याएवढा गोळा तोंडावाटे टाकतं. पडक्या वाड्यात किंवा जुन्या देवळाच्या ओवरीत, जिथे त्याचा मुक्काम असेल, तिथे खाली असे गोळे पडलेले असतात. कळंब, भूम, वाशीकडच्या शाळांतल्या विज्ञान शिक्षकांना विनंती, की हातमोजे घालून ते गोळा करावेत, जंतुनाशक घातलेल्या पाण्यात भिजवून मुलांसमोर उकलावेत. ज्या कवटीत पटाशी आणि दाढा यांच्यात मोकळी जागा आहे ती उंदराची. जिच्यात दातांची सलग ओळ आहे आणि गालाच्या हाडाची कमान नाही, ती चिचुंद्रीची. दोन्ही वेगळ्या डब्यांत ठेवून मोजा. तुमच्या गावातलं घुबड काय खातं हे तुमच्या वर्गाला समजेल आणि उंदीर कशाला म्हणायचं हेही मुलांना पुन्हा शिकवावं लागणार नाही.